आबांची बैलपारख आणि बाविशी फ्रेम

माझे थोरले चुलते, ज्यांना सगळी चऱ्होली आबा म्हणायची, बैल पारखायला उभे राहिले की चाकणच्या बाजारात लोक हातातली भजी थंड होऊ द्यायचे. आबा बैलाकडे आधी पाठ करत. मालक त्याला फिरवून आणी आणि आबा नुसता श्वास ऐकत. मग गर्रकन वळत, खुरांवर एक नजर टाकत आणि म्हणत, "उजव्या पायानं अधू हाय ह्यो." विकणारा देवाची शपथ घ्यायला लागे आणि शपथ पुरी व्हायच्या आत कबूल होई. असलं नाटक मी पुढे कुठल्या थेटरात पाहिलं नाही.

तर असा हा माणूस एकदा माझ्यासाठी सायकल घ्यायला निघाला.

एकोणीसशे पन्नासचं दशक निम्मं सरलं होतं आणि आमच्याकडे कारखान्यांची वर्षं सुरू होत होती. पिंपरीला नव्याने निघालेल्या एका कारखान्यात मला तात्पुरती नोकरी लागली होती. सहा महिने नीट भरले तर कायम होणार होतो. सातच्या भोंग्याला गेट बंद. चऱ्होलीहून आठेक मैल अंतर, त्यातला निम्मा रस्ता गाडीच्या चाकोऱ्यांचा, आणि बुडाखाली किराणावाल्याकडून मागून आणलेली सायकल, जिची चेन दिघीच्या आसपास हटकून उतरायची. दोनदा उशीर झाला होता. तिसऱ्यांदा झाला की नाव कमी, असं टाइमकीपरने बजावलं होतं.

हे कळल्यावर आबांनी त्या साली बैल घ्यायचा बेत सोडला. "बैलाच्या जागी सायकल," ते म्हणाले. घोळ झाला तो इथेच, कारण त्यांनी ती बैलासारखीच घ्यायची ठरवली.

चिंचवडला मुंबई रस्त्याच्या कडेला एका मिस्त्रींचं दुकान होतं. मूळचे कोकणातले, आयुष्य लष्कराच्या वर्कशॉपात गेलेलं, चष्म्याची एक काडी सुतळीची. तेव्हा आधी फ्रेम पसंत करायची आणि मग मिस्त्री तिच्यावर चाकं, हँडल, सीट चढवून सायकल उभी करायचे. आढ्याच्या आकड्यांना वीसेक फ्रेमा टांगलेल्या. आबांनी मान वर करून एक फेरी मारली आणि सगळ्यांत उंच, जाड नळीच्या काळ्याभोर फ्रेमेवर बोट ठेवलं.

"ही. खांदा बघा कसा हाय."

"चोवीस इंची आहे ती," मिस्त्री म्हणाले. "तुमचा पुतण्या आहे सव्वापाच फूट. वर चढवायला शिडी द्याल काय सोबत?"

"जनावर मालकापरीस थोरच असावं."

"अहो आबा, ही फ्रेम आहे, खोंड नव्हे!"

खरं सांगायचं तर मलाही चोविशीच हवी होती. गेटसमोर उंच सायकलवरून टांग टाकून उतरायचं, असं चित्र मी मनात केव्हाच रंगवून ठेवलं होतं.

मिस्त्रींनी खालच्या आकड्यावरून एक बाविशी, म्हणजे बावीस इंची, काढली. नळी बारीक, रंग साधा हिरवा. तिच्यावर त्यांनी नखाने टिचकी मारली. टणण्ण! देवळातल्या घंटेसारखा आवाज रेंगाळला. मग आबांच्या लाडक्या चोविशीवर मारली. थप्प.

"ही पत्रा वळवून जोडलेली, म्हणून जाड. आणि ही बिनजोड ओढलेली नळी, अस्सल पोलाद. वजनाला हलकी, पण दोघांना घेऊन खड्ड्यात आपटलात तरी वाकायची नाही."

"हलकं ते हलकंच," आबा म्हणाले. "चालवून दावा. जुंपल्याबिगर म्या काय घेत न्हाई."

बैल घेण्याआधी औताला जुंपून बघायचा हा आमचा रिवाजच. मिस्त्रींनी कपाळाला हात लावला, पण माणूस खिलाडू. तशाच नळ्यांच्या दोन सायकली, एक चोविशी आणि एक बाविशी, दुरुस्तीला आलेल्या होत्या. मालकांना न विचारता त्यांनी त्या बाहेर काढल्या. आकुर्डीच्या अंगाने मैलाच्या दगडापर्यंत जायचं आणि परत यायचं, असं ठरलं.

आधी चोविशी. मी शिडीशिवाय चढलो, एवढं नमूद करतो. परत आलो तेव्हा आबा भर रस्त्यात माझ्याकडे पाठ करून, डोळे मिटून उभे होते. मागे एक ट्रक हॉर्न वाजवून थकला होता. मी जवळ पोचताच ते गर्रकन वळले.

"लंगडतंय!"

"कोण? सायकल?" मिस्त्रींनी विचारलं.

"न्हाई. पोरगं."

खरंच होतं. पायडल गाठायला मी दर फेरीला कंबर इकडून तिकडे टाकत होतो. सीट दोन्ही बाजूंनी बोचत होती आणि श्वास भात्यासारखा चालला होता.

मग बाविशी. तिच्यावरून आलो तेव्हा आबा पाठ करून तसेच उभे राहिले. मी पोचलो तरी वळेनात. त्यांना मी आल्याचं ऐकूच आलं नव्हतं. मी घंटी वाजवल्यावर वळले आणि मोठ्याने हसले. मग स्वतःच्या गालावर हलकी चापट मारून घेतली.

"चुकलो की रं! सायकल बैल न्हाईच. बैल तू हायेस. ही तर जू हाय!"

त्यानंतर त्यांना काही शिकवावं लागलं नाही. "जू कुणी जड घेतं व्हय? अन् मानंला बसंना तर खांदं सोलून निघत्यात." त्यांनी मला फ्रेमेच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं केलं आणि मधल्या नळीवर दोन बोटं राहतात का बघितलं. माझं कोपर सीटच्या टोकाला टेकवलं आणि बोटं हँडलला पोचतात का बघितलं. हे माप मिस्त्री सगळ्या गिऱ्हाइकांचं घेत, पण आबांना त्यांनी ते अजून दाखवलं नव्हतं. ते बघतच राहिले.

दुकानात तसल्या बिनजोड बाविशी तीनच होत्या; शेवटी आबांनी तिन्हींवर टिचक्या मारल्या, डोळे मिटून. एकीपाशी थांबले.

"ही."

मिस्त्रींनी सुतळीचा चष्मा काढला. "ती मी माझ्यासाठी ठेवली होती," म्हणाले, आणि मुकाट्याने आकड्यावरून काढली.

सोमवारी पहाटे चुलती तांब्या घेऊन उंबऱ्यात आली. नवा बैल आला की त्याच्या पायावर पाणी घालतात, कुंकू लावतात, घास देतात. आबांनी सायकलकडे पाहिलंसुद्धा नाही. "ह्याच्या पायावर घाल," ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. चुलतीने हसू दाबत पाणी घातलं, कपाळभर कुंकू माखलं आणि तोंडात भाकरी-गुळाचा घास कोंबला. आबांनी पाठीवर थाप मारली. "हं, चल!"

दिघी मागे पडली तरी घास तोंडातच होता.

गेटवर टाइमकीपर घड्याळ हातात घेऊन उभा होता. माझ्या कपाळाकडे बघून म्हणाला, "काय राव, आज लग्न आहे?"

"न्हाई," मी गूळ गिळत म्हणालो, "जुंपलंय."

त्याला काही कळलं नाही. मी सायकल आत नेऊन भिंतीला टेकवली, नळीवर एक टिचकी मारली, आणि ती घंटा अजून कानात असतानाच भोंगा झाला.