वास्तुशांतीचा पाट

घोळाची सुरुवात निलेशने केली. निलेश म्हणजे ही गोष्ट सांगणाराच, त्यामुळे त्याच्याबद्दल चार शब्द कमी वाईट लिहिले गेले तर वाचणाऱ्याने समजून घ्यावं. देवगडच्या बाजूच्या शाळेत निबंधाला पहिलं बक्षीस मिळवलेला हा मुलगा. अशा मुलाला आमंत्रणाचा मजकूर लिहायला सांगू नये. पण त्याच्या मावसबहिणीने, दीप्तीने सांगितलं. "निल्या, वास्तुशांतीचा मेसेज लिहून दे ना. साधासा."

साधासा त्याला कुठे जमायला! त्याने लिहिलं, 'श्री देवी सातेरीच्या कृपेने आम्ही उभयतांनी घामाच्या थेंबाथेंबातून साकारलेल्या नव्या वास्तूत आपले सहर्ष स्वागत.'

उभयतांनी! घर घेतलं होतं दीप्तीने, एकटीने, लग्नाच्या कितीतरी आधी. तिच्या नवऱ्याला, सुशांतला, तोवर त्या घरात घाम आला असेल तर तो पंखा बंद होता म्हणून. पण मेसेज वाचून सुशांतची आई खूश झाली, दीप्तीला वाटलं जाऊ दे, शब्दांनी काय होतंय, आणि तो मेसेज कांदिवलीपासून कुडाळपर्यंत सगळ्यांना गेला.

आता, घर लग्नाआधीचं आणि वास्तुशांती लग्नानंतरची, हे कसं? तर पूजेला जोडपं लागतं. दीप्तीचे वडील गिरणीतले. गिरणी गेली आणि मागून तेही गेले. आई मालन विधवा, म्हणजे तिला पाटावर बसता येईना. दीप्ती कुमारिका, म्हणजे तिलाही नाही. जिच्या पगारातून हप्ता जातो तिला सोडून बाकी कुठलंही जोडपं चालेल, असा हा मामला. भटजी म्हणाले, मामा-मामीला बसवा. मालनने मान हलवली.

"मामाक बसवलंय तर उद्या सांगत फिरतलो, घर माझ्यामुळा झाला. ऱ्हवांदे. चेडवाचा लगीन झाला काय करूया."

मामाचा धोका तिने बरोबर ओळखला होता. जावयाचा कोण ओळखतो!

एवढ्यावर न थांबता मालनने गावी जाऊन सातेरीला गाऱ्हाणं घालून नवसही केला होता. चेडवाक घर होऊं दे, घर झाला काय घोवासकट येतली आणि नारळ ठेवतली. घर झालं. घोव, म्हणजे नवरा, मात्र यायचा होता.

घर म्हणजे मुलुंड पूर्वेला, गव्हाणपाड्यातल्या जुन्या इमारतीत तिसरा मजला. लिफ्ट नाही. खिडकीतून शेजारच्या इमारतीचे पाइप दिसतात आणि त्या पाइपांवर बसलेली कबुतरं. दीप्ती घाटकोपरच्या एका लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करते. दिवसभर लोक तिच्यासमोर हात पुढे करून तोंड फिरवतात. "ताई, दुखणार नाही ना?" ती म्हणते, "मुंगी चावल्यासारखं." आजवर हजारो लोकांना तिने मुंगी चाववली असेल. त्या मुंग्यांच्या जोरावर घर झालं. पूजा न झालेल्या त्या घरात ती आणि आई राहायला लागल्या. गॅस पेटत होता, नळाला पाणी येत होतं. वास्तुपुरुषाची काही तक्रार ऐकू आली नाही.

मग सुशांत आला. कांदिवलीच्या एका ट्रान्स्पोर्ट कंपनीत हिशोब बघायचा. सरळ मुलगा, जरा पोटावर शर्ट ताणलेला. त्याच्या घरी दोन खोल्यांत भाऊ-भावजय, त्यांची मुलं. म्हणून लग्नानंतर तोच दीप्तीकडे आला, "तात्पुरता." मालन भांडुपला आपल्या बहिणीकडे गेली. आल्यावर सुशांतने स्वयंपाकघरात ट्रॉल्या बसवल्या, स्टीलच्या, सरकन आत-बाहेर होणाऱ्या. ही त्याची या घरातली पहिली आणि शेवटची मोठी हौस. मग वास्तुशांती झाली. सुशांत सोवळं नेसून पाटावर बसला, दीप्तीने त्याच्या हाताला हात लावला. स्वयंपाकघरातल्या आग्नेय कोपऱ्यातली एक लादी काढून भटजींनी वास्तुपुरुष पालथा पुरला. लादी उचलताना फुटली, तर दुसरी बसवली. तसा रंग मिळाला नाही. त्यावर ट्रॉली परत बसवली, झाकलं गेलं.

भांडण कधी सुरू झालं ते दीप्तीला सांगता येत नाही. फ्लेविया मॅडमनी, म्हणजे तिच्या वकिलीणबाईंनी, हे विचारलं तेव्हा तिने खूप आठवून पाहिलं. मारहाण नाही, दारू नाही, बाहेर काही नाही. एक वाक्य मात्र आठवलं.

"ऑफिसात चिडवतात यार मला," सुशांत जेवताना म्हणाला होता. "घरजावई म्हणतात. माझं नाव लाव ना घरावर. कागदावर फक्त."

"बघू."

"बघू म्हणजे?"

"म्हणजे बघू."

हा 'बघू' त्या घरात पुढे तिसरा माणूस होऊन राहिला. सकाळी त्याच्या चहात असायचा, रात्री त्याच्या उशाशी. सुशांत बाहेरच्या खोलीत झोपायला लागला. मग बोलणं दुधाचं, गॅसचं, किल्लीचं उरलं. मग तेही मोबाइलवर. एके दिवशी त्याने बॅग भरली आणि तो कांदिवलीला गेला. दीप्तीने दार लावलं, भांडी घासली, दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये नेहमीएवढंच रक्त काढलं.

दोघांच्या संमतीने मोकळं व्हायचं ठरलं. सुशांतच्या वकिलांकडून अटी आल्या. पोटगी नको, दागिने ज्याचे त्याला. फक्त घराचा अर्धा हिस्सा सुशांतच्या नावे करून द्यायचा, की लगेच सह्या. सोबत पुरावा म्हणून दोन गोष्टी जोडल्या होत्या: सुशांत पाटावर बसलेला फोटो आणि तो मेसेज.

फ्लेविया मॅडम मूळच्या इथल्याच गावठाणातल्या. घराच्या ओटीवरच ऑफिस, भिंतीवर येशूची तसबीर, खाली फायली. त्या दिवशी त्यांच्यासमोर तिघं बसले होते: दीप्ती, मालन आणि निलेश. निलेशला कोणी बोलावलं नव्हतं, पण न येण्याएवढा निर्लज्ज तो नव्हता.

मॅडमनी चष्मा वर करून मेसेज वाचला. "घामाच्या थेंबाथेंबातून. हे कुनी लिवलं?"

दोन्ही बायकांनी निलेशकडे बघितलं.

"मराठी झकास हाय रे तुजं. यापुढं लिवू नको."

मालनला राहवेना. "पण मॅडम, तो पाटार बसलो म्हणान घर तेचा झाला? मगे भटजीचोव हिस्सो काढा. तोय बसललो. आणि जेवणावळीक तर अख्खी कांदिवली बसलली."

मॅडम हसल्या. मग दीप्तीकडे वळल्या आणि त्यांची भाषा जरा कोर्टातली झाली. "हे बघ बाय. मेसेजने घर जात नाही, फोटोनेही नाही. करार तुझ्या एकटीच्या नावावर, नोंदणी लग्नाआधीची, कर्ज तुझं, हप्ते तुझ्या पगारातून. घटस्फोट झाला म्हणून आपल्याकडे घराची आपोआप दोन शकलं होत नाहीत. तो भांडला तर वेळ जाईल, घर नाही जाणार. पण तू आपल्या हाताने सही करून दिलंस तर गेलं. मग मी पण काही करू शकणार नाही."

"द्या पेन," दीप्ती म्हणाली.

"काय?"

"अर्धं तर अर्धं. संपू दे एकदाचं."

मालनने कपाळाला हात लावला. "खुळावली काय गो तू? म्हातारपणी ऱ्हवतलंव खंय? पाइपार? त्या पारव्यांबरोबर?"

"ताई, जरा विचार कर ना," निलेश म्हणाला.

"तू गप रे. तुझ्या विचारामुळेच हा मेसेज इथे आलाय." दीप्तीचा आवाज चढला नाही, की कापलाही नाही. "मॅडम, खरंच काही वाटत नाही मला. द्या पेन."

मॅडमनी पेन दिलं. त्यांनी पानावर सहीची जागाही दाखवली. वकिलाने सांगायचं ते सांगून झालं होतं. दीप्तीने टोपण काढलं. आणि स्वतःचंच वाक्य तिला मागून ऐकू आलं. काही वाटत नाही मला.

लॅबमध्ये हे वाक्य म्हणणारे तिला ठाऊक होते. आईगं ओरडणारा, देवाचं नाव घेणारा, तो दोन मिनिटांत कापूस दाबत चालू लागतो. त्याची चिंता नसते. जो शांत बसतो, सुईकडे टक लावून बघतो आणि म्हणतो, काहीच वाटलं नाही, तो उठला की पडतो. खुर्ची धरून सरळ खाली. अशांना ती उठू देत नसे. "पाच मिनिटं बसा. घाई आहे? असू दे. बसा."

ती पानाकडे बघत राहिली. मग टोपण लावून पेन टेबलावर ठेवलं.

"पाच मिनिटं बसते," ती म्हणाली.

"बस ना. चहा सांगते," मॅडम म्हणाल्या.

चहा आला, गेला. दीप्ती बसूनच राहिली. मग म्हणाली, "घर नाही द्यायचं. ट्रॉल्या त्याने केल्यात, त्या ने म्हणावं."

सुशांत भांडेल असं सगळ्यांनाच वाटलं होतं. त्याच्या वकिलांनी दोन-तीनदा गुरगुरून पाहिलंही. पण त्यालाही थकायला झालं असावं. शिवाय कांदिवलीत त्याच्यासाठी नवी स्थळं यायला लागली होती. घराची अट निघाली. सह्या झाल्या. कोर्टाच्या दाराशी दोघांनी एकमेकांना "चल" म्हटलं, ऑफिसला निघाल्यासारखं.

मग एका रविवारी तो सुताराला घेऊन ट्रॉल्या न्यायला आला. मालन परत मुलुंडला राहायला आली होती. तिने त्याला पाणी दिलं. इतक्या वर्षांची सवय. जावई नसला तरी दारात आलेला माणूस होता. सुताराने स्क्रू काढायला घेतले. दीप्तीने डबे काढून जमिनीवर पेपर पसरून मांडले.

"ते अर्ध्या घराचं माझं डोकं नव्हतं," सुशांत पाइपांकडे बघत म्हणाला. "आईला वाटत होतं की..."

"माहितेय."

"ऑफिसात तेव्हा खूप चिडवायचे गं."

"आता?"

"आता नाही चिडवत कोण."

"फ्रिजमध्ये लिंबाचं लोणचं आहे. तुझ्या आईने दिलेलं. ने."

"राहू दे ना. खा."

"तिखट आहे. आम्ही नाही खात."

त्याने बरणी घेतली. शेवटची ट्रॉली निघाली आणि कोपऱ्यातली ती वेगळ्या रंगाची लादी उघडी पडली. तिघांनीही पाहिली. सुशांतचं पाऊल तिच्यावर पडणार होतं, ते त्याने बाजूला घेतलं. सुतार म्हणाला, "ही लादी बदलून टाका ताई, लूक बिघडवते."

ते गेल्यावर दीप्तीने झाडू मारला, लाकडाचा भुसा गोळा केला. रडू येईल म्हणून ती थोडी थांबलीही. आलं नाही. मग तिने कुकर लावला.

आता सगळं मिटलंय. घर तिचं होतं, तिचंच राहिलं. कुठल्या मावशीने विचारलं तर ती तेवढंच सांगते, आणि पुढचा प्रश्न यायच्या आत चहा ठेवायला उठते. नवी फडताळं बसवायची आहेत, पण सवड होत नाही. डबे अजून पेपरवरच आहेत. निलेश महिन्यातून एकदा जेवायला येतो. तो आला की मालन त्याला विचारते, "काय रे लेखका, आता कोणाचा घर वाटलंस?" आणि जास्तीचा मासा वाढते.

फक्त सातेरीचा नारळ राहिलाय. लग्न झाल्यावर सुशांतला सुट्टी नव्हती, मग दीप्तीला नव्हती, मग दोघं एकत्र जाण्यासारखी राहिली नाहीत. मालनने तरी गावी न्यायचा म्हणून बाजारातून एक नारळ निवडून आणला, शेंडीचा, आणि फ्रिजवर ठेवला.

"आपण दोघी जाऊ या," दीप्ती म्हणाली.

"घोवासकट म्हटललंय गो मी."

"मग आता कुठून आणू घोव? तुझ्या देवीला सांग ना, होता तेव्हा सुट्टी नव्हती."

"देवीक समाजतला. पण गुरव इचारतलो."

"मग काय करायचं?"

मालनने नारळ फ्रिजवर जरा आत सरकवला. मग म्हणाली, "बघूया."

तेव्हापासून नारळ तिथेच आहे. परवा निलेशने हलवून पाहिला. आतलं पाणी आटत आलंय. तो देवाचा, म्हणून फोडता येत नाही. सोलकढी करायची झाली की दीप्ती तीन मजले उतरते आणि खालच्या भाजीवाल्याकडून दुसरा नारळ घेऊन येते.