फिलेमोन, एकाच बैठकीत

आमच्या महिला मंडळाच्या बायबल अभ्यासाचं वर्षाचं वेळापत्रक मी जानेवारीतच करून टाकते. कोणत्या महिन्यात कोणतं पुस्तक, बैठक कोणाच्या घरी, अभ्यास कोण घेणार, चहा कोणाकडे. दर गुरुवारी चार ते साडेपाच. या वर्षी नाताळच्या तयारीआधी एकच गुरुवार मोकळा उरत होता, म्हणून तिथे बायबलातलं, पौलाने फिलेमोनाला लिहिलेलं पत्र टाकलं. पंचवीस वचनं, एका बैठकीत संपतं. अभ्यास घेण्याची पाळी माझी आली. पत्रात काय आहे याचा विचार मी केला नाही. ते बसतंय एवढंच पाहिलं.

मग सप्टेंबर आला.

माझ्या सासूबाई अंथरुणाला आहेत. त्यांना सांभाळायला दोन वर्षं आमच्याच मंडळातली एक बाई यायची. अलोऱ्याच्या वसाहतीत वाढलेली, नवरा जयगडला बंदरावर कामाला. हलक्या हाताची, कमी बोलणारी. तिच्यासाठी मी फ्रिजवर कागद चिकटवला होता: औषधांच्या वेळा, जेवण, कूस बदलणं. शेवटची ओळ होती, बाहेर जावं लागलं तर आधी मला फोन.

एका दुपारी तिच्या नवऱ्याची मोटारसायकल जयगडच्या रस्त्यावर घसरली. तिला फोन आला. सासूबाईंना पाणी देऊन, उशा नीट लावून, दार ओढून ती गेली. चार वाजता मी घरी आले तेव्हा सासूबाई खाली पडलेल्या होत्या आणि उजवं मनगट सुजून टम्म झालं होतं. हाड मोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती आली. मी दारातच उभी राहिले.

"उद्यापासून येऊ नकोस."

"ताई, मी तुम्हाला..."

"काही सांगू नकोस मला."

मंडळात मी सांगितलं, ती न सांगता गेली. घरीही तेच सांगितलं. मुंबईहून नणंदेचा फोन आला, तिलाही तेच.

खरं असं होतं की त्या दुपारी ऑफिसात मीटिंग होती आणि माझा फोन आवाज बंद करून टेबलाच्या खणात होता. मीटिंग सुटल्यावर पाहिला, तर तिचे दोन मिस्ड कॉल. घरची काही किरकोळ विचारणा असेल म्हणून मी उलट फोन केला नाही. तासभर फायली बघत बसले. हॉस्पिटलात सासूबाई म्हणाल्या, "ती सांगून गेली गो मला." मी म्हटलं, इंजेक्शनची गुंगी आहे.

त्यानंतर दोन महिने तिला काम मिळालं नाही. मंडळातल्याच दोन घरी म्हाताऱ्या माणसाजवळ बाई हवी होती, पण माझा शब्द त्यांना पुरला. नवरा पाय प्लॅस्टरमध्ये घालून घरी बसलेला. तरी ती दर गुरुवारी यायची. दाराजवळ बसायची, वचन वाचायची, चहाचे कप विसळून जायची. माझ्याशी बोलायची नाही.

बुधवारी संध्याकाळी मी तयारीसाठी पत्र उघडलं. अनेसिम नावाचा गुलाम मालकाच्या घरून पळालेला आहे. तुरुंगात असलेला प्रेषित पौल त्याला परत पाठवतोय आणि मालकाला, म्हणजे फिलेमोनाला, लिहितोय की त्याला आता भाऊ म्हणून घरात घे. पत्र तीनदा वाचलं. मग आमच्या टीचरना फोन लावला. त्या निवृत्त शिक्षिका, बैठक त्यांच्याच घरी होती.

"टीचर, उद्याचा अभ्यास तुम्ही घ्याल का? माझं डोकं दुखतंय."

"उद्याचं डोकं आजच दुखतंय? वेळापत्रक तूच केलंस ना गं? कोणाला पाळी बदलून देतेस कधी? मग ये मुकाट्याने."

गुरुवारी नऊजणी आल्या. ती दाराजवळच बसली. मी प्रार्थना केली, आळीपाळीने वाचन झालं. माझा आवाज मलाच मोठा वाटत होता. पौल तुरुंगात कसा होता, त्या काळी गुलामांचे काय हाल असत, यावर मी वीस मिनिटं बोलले. पुढे बोलायला काही उरलं नाही.

"पण हा पळाला तरी का?" एकीने विचारलं. तिचं स्टेशनरीचं दुकान आहे. "काहीतरी केलं असेलच की त्याने. उगाच कोण पळतं?"

"पत्रात तसं स्पष्ट नाही," मी म्हटलं.

"त्याला कोणी विचारलंच नाही," दाराकडून आवाज आला. तिचं बोट अजून पानावर होतं. "पौल बोलतो. फिलेमोन वाचतो. अनेसिम काहीच बोलत नाही. का गेलास, असं त्याला कोणीतरी विचारायला हवं होतं."

"ते फिलेमोनाने विचारायचं," टीचर म्हणाल्या. "पत्र त्याला आहे."

 मी घड्याळ पाहिलं. पाच वाजायला दहा मिनिटं होती आणि शेवटची प्रार्थना करून बैठक आटोपता आली असती. मी पुस्तक मिटायला घेतलं.

तेवढ्यात दुकानवाली म्हणाली, "विषय निघालाच आहे तर विचारते. आईजवळ मला सोमवारपासून बाई हवी आहे. ही समोर बसलीय, हात रिकामे आहेत. पाठीमागे बोलून झालं, आता तोंडावर होऊ दे. तू सांग, ठेवू का हिला? माझी आई दिवसभर एकटी असते हां. खरं ते सांग."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. तिने पाहिलं नाही. ती बायबलच्या कव्हरची चेन उघडत होती, लावत होती.

'तुझं तू बघ' म्हणून सुटता आलं असतं. पण तेवढ्यानेही तिचं काम गेलं असतं, हे मला माहीत होतं.

"ठेव," मी म्हटलं. "ती न सांगता गेली नव्हती. तिने मला फोन केले होते. दोन. मी उचलले नाहीत. नंतर पाहिले, तरी उलट केला नाही. सासूबाई पडल्या तेव्हा मी ऑफिसात बसले होते. तुम्हाला सगळ्यांना मी खोटं सांगितलं."

"अगो बाई," कोणीतरी हळूच म्हणालं.

"तीन," ती म्हणाली.

"काय?"

"तीन केले होते, ताई. तिसरा एसटीतून केला, तो लागला नाही. शेजारच्या काकूंना सांगून जाणार होते, पण त्यांच्या दाराला कुलूप होतं."

मी मान हलवली. क्षमा मागितली तेव्हा शब्द नीट आले नाहीत, आणि ती "हं" एवढंच म्हणाली. टीचरनी शेवटची प्रार्थना केली, अगदी थोडक्यात.

चहाच्या वेळी ती आणि दुकानवाली खिडकीपाशी उभ्या राहून बोलत होत्या.

"मला दोन नंबर द्या," ती सांगत होती. "एक तुमचा, एक दुकानाच्या शेजारचा. तुम्ही उचलला नाहीत तर दुसऱ्याला करीन. आणि रविवारी उपासनेला सुट्टी."

"देते गं बाई. दुकानात तीन फोन आहेत, तिन्ही घे."

त्या दिवशी कप विसळायला ती थांबली नाही. मी चपला घालत तिला फाटकाशी गाठलं.

"आमच्याकडे येशील का परत? सासूबाई रोज विचारतात."

"नाही, ताई." जराही विचार न करता. मग थांबून म्हणाली, "मनगट कसं आहे त्यांचं?"

"प्लॅस्टर निघालं."

"त्या हाताला धरून उठवू नका. काखेत हात घाला." आणि ती माळनाक्याच्या दिशेने निघाली.

घरी आल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं, खणातल्या फोनपासून. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"मग येत्येय का ती?"

"नाही म्हणाली."

"मीही नसते आले," त्या म्हणाल्या, आणि कूस बदलायला उजवा हात पुढे केला. मी तो हात धरला नाही. वाकून काखेत हात घातला आणि त्यांना उचललं.