हरजीचा मेहुणा

काळाचौकीची चाळ सोडली त्या सकाळी आई जिन्यापर्यंतच आली. "झिला, पाण्यात उतरू नको हां," एवढंच म्हणाली. शेजारी मात्र हसत होते. आदल्या दिवशी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात घसा बसेपर्यंत ओरडणारा मी, आज गुजराती मुलखात, ओख्याच्या बाजूला नोकरीला निघालो होतो. काय करणार? गिरणीत बदलीवर होतो, महिन्यातून जेमतेम आठ दिवस काम मिळायचं. घोषणांनी चूल पेटत नाही, मंडळी, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

तिथे पाणबुडे समुद्राच्या तळावरून शंख आणि शिंपले काढायचे. डोक्यावर तांब्याचा टोप, टोपाला रबरी नळी, आणि होडीत बसून हातपंपाने हवा सोडणारा माणूस. त्याचे हात थांबले की खालच्याचा श्वास थांबला. म्हणून तिथला रिवाज असा, की पंपावर फक्त बायकोचा भाऊ बसवायचा. परका माणूस एक वेळ कंटाळेल, पण बहीण विधवा व्हावी असं कुठल्या भावाला वाटेल? मी पडलो गिरणीतला फिटर, पंपाच्या दुरुस्तीला आलेला. मला कोणी पंप मारू देईना. दिवसभर नट आवळायचे आणि लालबाग आठवायचं. गणपतीच्या दिवसांत तर रडूच यायचं, लाजायचं काय त्यात.

हरजी तिथला सगळ्यात तरबेज पाणबुड्या. त्याचा मेहुणा तापाने गेला, आणि हरजीच्या बायकोला, रतनला, दुसरा भाऊ नव्हता. दोन महिने हरजी घरी बसला. शेवटी नाइलाजाने माझ्याकडे आला. मी म्हटलं, बाबा रे, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, लोखंडावर ठेव. पंप आणि नळी यांच्यामध्ये मी एक लोखंडी टाकी बसवली. तिच्यात हवा दाबून भरलेली असायची, आणि ती पंपाकडे परत जाऊ नये म्हणून झडप. पंप बंद पडला तरी चार-पाच मिनिटं खाली हवा जात राहणार. टाकीने होडीतली शंखांची जागा खाल्ली म्हणून कंत्राटदार कुरकुरला. मी म्हटलं, मग शेठ, तुम्हीच उतरा.

पंधरवड्यातच पंपाच्या दट्ट्याचं चामडं फाटलं. हरजी तळाशी, आणि दांडा माझ्या हातात नुसताच सैल फिरतोय. माझी पाचावर धारण बसली. दोरीला खुणेचे झटके दिले आणि टाकीवरच्या दाबाच्या काट्याकडे बघत बघत होडीवाल्याने आणि मी त्याला वर ओढला. टोप काढल्यावर हरजीने विचारलं, "शुं थयुं?" त्याला काही कळलंच नव्हतं. त्या संध्याकाळी रतनने मला राखी बांधली, राखीपौर्णिमेला अजून अवकाश होता तरी.

पुढे राज्य झालं, मुंबई आपली झाली, आणि तिच्यासाठी ओरडणारा मी नेमका पलीकडच्या राज्यात राहिलो. आईचं पत्र आलं, की गिरणीत कायमची जागा मिळतेय, महिन्याभरात हजर हो. माझ्याच्याने ना हो म्हणवेना, ना नाही. तेव्हा ती स्वतःच आली. रतनला तोंडावर म्हणाली, माझ्या मुलाला न्यायला आलेय.

"न्या, बा," रतन म्हणाली; तिकडे आईला बा म्हणतात. "हरजी उद्यापासून पाणी सोडून मिठागरात जाईल."

दुसऱ्या दिवशी आई आमच्याबरोबर होडीत बसली. हरजी खाली गेला, मी पंप मारू लागलो. हरजी वर येईपर्यंत, अर्धा तास ती पाण्यावर येणाऱ्या बुडबुड्यांकडे बघत होती. किनाऱ्याला लागल्यावर पदराने माझी पाठ पुसली.

"तू हंयच रव," म्हणाली, आणि एकटीच गाडीत बसली. गाडी हलल्यावर मी लहान पोरासारखा रडलो.

आता हरजी आणि मी दोघेही म्हातारे झालो, तो पंप केव्हाच मोडीत गेला. पण घर कुठलं असं कोणी विचारलं, तर माझ्या तोंडून अजून काळाचौकीच येतं. मग रतन दिवसभर माझ्याशी बोलत नाही.