वडावरचे हरियल आन् लाइनमन मामा

कवठ्यात आमची लाइट बघायला एक लाइनमन मामा होते. दातात पक्कड धरूनच बोलायचे, म्हणून त्यांची नक्कल मला लय भारी जमायची. शाळेजवळच्या वडाला लाल फळं लागली की त्याच्यावर हरियल यायचे. हरियल म्हंजी रानातलं कबुतर, पण अंग पोपटी, डोकं राखाडी आन् पाय हळदीत बुडवल्यागत पिवळे.

"आपल्या राज्याचा पक्षी हाय," मामा सांगायचे. "फळं खातो, शेंड्यावर ऱ्हातो. जमिनीवर उतरायला त्येला कमीपणा वाटतो."

त्या वडाची एक फांदी तारेला टेकत होती. मामांनी ती तोडली न्हाई, दोरीनं मागं ओढून बांधली. एक दिवस त्यांचे साहेब जीप घेऊन आले.

"फांदी का तोडली नाही?"

"हरियल जेवत्यात, साहेब."

"मला तर नुसती पानं दिसतात. टाळी वाजवून उडवून दाखव, नाहीतर नोटीस काढतो."

मामांनी तोंडातली पक्कड काढली. "जेवणाऱ्याला ताटावरनं उठवत न्हाईत, साहेब. काढा नोटीस."

साहेब रागानं वर बघत ऱ्हायले. मग त्यांना एक पिवळा पाय दिसला, मग पाच-सहा, मग अख्खा वडच हलायला लागला.

"फळं संपल्यावर तोड," साहेब कुजबुजले.

जाताना त्यांनी ड्रायव्हरला जीप चालू करू दिली न्हाई. एरवी आम्ही बंद पडलेल्या गाड्या ढकलायचो. त्या दिवशी चांगली चालणारी जीप पार वळणापर्यंत ढकलली, आन् मामांच्या शेजारी साहेबांनीपण खांदा लावला होता.