सासऱ्यांचा पडदा आणि पावडरचा डबा

आमचे सासरे नाट्यगृहात पडदा उचलतात. दोर हाताने ओढून. त्यांचा पडदा एका दमात वर जातो, मध्ये कुठेही आचका म्हणून बसत नाही.

यंदा न्यूमोनियाने त्यांना अंथरुणाला खिळवलं. उठले तेव्हा सदरा खुंटीवर टांगल्यासारखा दिसत होता. तसेच कामावर गेले, दोर ओढला आणि पडदा गुडघ्यापाशी अडला. प्रेक्षकांना नटांचे नुसतेच पाय दिसले.

नवा मॅनेजर सौम्यपणे म्हणाला, "काका, पुढच्या नाटकाला जमलं तर ठीक. नाहीतर मोटर बसवू, तुम्ही आरामात बटण दाबा."

"बटणाला काय कळतंय, हुंदका कुठे संपला ते?" सासरे घरी येऊन म्हणाले आणि ताटावरून उठले.

"जेवा मुकाट्यानं. उरलेसुरले दंडही जातील," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरांचंही तेच म्हणणं. या वयात आजारपणात स्नायू झरझर झडतात. अंडी, डाळी, दूध वाढवा, पुरत नसेल तर प्रोटीन पावडर घ्या, पण जोडीला व्यायाम हवाच. मूत्रपिंडं तपासून त्यांनी पावडरीला परवानगी दिली. आमची लेक जिममध्ये शिकवते; ती हंड्याएवढा डबा घेऊन आली. सासऱ्यांनी पावडर तेवढी लक्षात ठेवली आणि व्यायाम दवाखान्यातच विसरले. पेला रिकामा करायचा, खुर्चीत बसायचं, दंड चाचपायचा.

"जावईबापू, बघा बरं. काही हललं का?"

"मिशीला फेस लागलाय तेवढा."

लेक कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "आजोबा, पावडर म्हणजे नुसत्या विटा. दारात विटा पडल्या म्हणून भिंत उभी राहते होय? गवंडी कामाला लावा की."

परसातल्या छपराला कप्पी बसली, दोराला बादली लागली. आधी रिकामी, मग तळाला पाणी, मग आणखी. बादली काठोकाठ भरून वर गेली त्या दिवशी सासरे लहान मुलासारखे घरभर सांगत सुटले. शेजारीपाजारीही बघायला आले.

"अजून ओत गं," ते म्हणत.

"ओतते की. इतकी वर्षं तुमचं ओझं मी ओढलं, आता तुमची पाळी," सासूबाई म्हणत आणि खरंच ओतत.

नव्या नाटकाचा पहिला प्रयोग दुपारचा होता. थिएटर गच्च भरलेलं. लेक आणि मी विंगेत, मॅनेजर घड्याळ धरून पलीकडे. पहिली घंटा झाली, दुसरी झाली. सासऱ्यांनी तळहातावर फुंकर मारली, दोर घट्ट धरला आणि तिसरी घंटा व्हायच्या आतच पडदा सर्रकन वर!

रंगमंचावर महाराज हातात आरसा घेऊन मिशी चिकटवत होते. अर्धी मिशी ओठावर, अर्धी बोटावर. प्रेक्षकांत हशाचा कल्लोळ. मॅनेजरने कपाळाला हात लावला.

सासरे गडबडले नाहीत. त्यांनी पडदा सावकाश, लोण्यासारखा खाली आणला. सोडताना तर ओझं जास्तच अंगावर येतं. मग तिसरी घंटा झाली आणि पडदा पुन्हा एका दमात, बिनआचक्याचा, वर गेला. पूर्ण मिशीच्या महाराजांना टाळ्या पडल्या. आम्ही मात्र दोराकडे बघून वाजवत होतो.

मध्यंतरात मॅनेजर आला. "काका, घंटेच्या आधीच?"

"हातांनाच धीर धरवला नाही. पण लागोपाठ दोनदा गेला ना?"

"गेला," मॅनेजर हसला. "मोटर राहू दे. यापुढे घंटा तेवढी ऐका."

सासऱ्यांनी दंड माझ्यापुढे केला. "चाचपा, जावईबापू."

मी चाचपला. या खेपेला खरंच काहीतरी हललं.