दोन्ही डोळ्यांची साक्ष

स्वतः करून पाहिल्याशिवाय अण्णा एक ओळही लिहीत नसत. पुण्याच्या एका साप्ताहिकात त्यांचं विज्ञानाचं सदर वर्षानुवर्षं चाललं होतं. मुंग्यांवरच्या लेखासाठी त्यांनी दोन्ही पाय सुजवून घेतले होते. "यांना विषावर लिहायला सांगू नका," असं त्यांच्या पत्नी, अक्का, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. आम्ही सगळे हसायचो. आता ते हसू आठवलं की अंगावर काटा येतो.

मी नोकरीसाठी पुण्याहून बंगळूरला आले आणि तिथे मल्लेश्वरममध्ये अण्णा-अक्कांच्या घरी गच्चीवरच्या खोलीत भाड्याने राहिले. पंचाण्णवच्या दिवाळीत सूर्यग्रहण होतं. मुलांनी दारं लावून बसू नये, ग्रहण पाहावं, म्हणून अण्णांनी आधीच लेख पाठवून दिला: एक्स-रेची जुनी फिल्म दुहेरी करून डोळ्यांपुढे धरा. त्यांनी स्वतः तसं सूर्याकडे पाहिलं होतं. "स्वल्पही दुखत नाही," असं ते समाधानाने म्हणाले. त्यांचं सदर शाळांमधून वाचून दाखवत, याचा त्यांना फार अभिमान होता.

लेख गेला तरी प्रयोग थांबला नाही. मुलं क्षणभर बघून थांबणार नाहीत, असं म्हणत ते रोज सकाळी गच्चीवर जास्त जास्त वेळ उभे राहू लागले. डावा डोळा प्रयोगाला, उजवा लिहायला, अशी त्यांची वाटणी होती. मग एके दिवशी डाव्या डोळ्यासमोर मधोमध एक डाग आला. अक्का डॉक्टरांकडे चला म्हणून मागे लागल्या. अण्णांचं म्हणणं, डोळाच म्हातारा झाला की फिल्म वाईट, हे आधी ठरायला हवं.

दुसऱ्या दिवशी मी कपडे वाळत घालत होते. अण्णांनी फिल्म उजव्या डोळ्यापुढे धरलेली दिसली. मी त्यांचा हात धरला, तर त्यांनी तो हळूच सोडवून घेतला. "एका डोळ्यावरून निष्कर्ष काढायचा नसतो," ते म्हणाले.

संध्याकाळी ते मला एसटीडी बूथवर घेऊन गेले. पुण्याचा नंबर मलाच फिरवायला लावला, तेव्हा मला कळलं. फोनवर ते संपादकांना शांतपणे म्हणाले, "लेख छापू नका. फिल्म वाईट आहे. दोन्ही डोळ्यांनी सांगतो." लेख गुपचूप वगळतो, असं संपादक म्हणत होते. अण्णांनी ऐकलं नाही. मी चुकलो आणि कसा चुकलो, हे त्यांनी त्याच रात्री मला सांगून लिहून घेतलं. ग्रहणाआधी ते छापून आलं. तो त्यांचा शेवटचा लेख.

ग्रहणाच्या सकाळी गल्लीतल्या मुलांना घेऊन ते अंगणातल्या करंजाखाली उभे राहिले. पानांच्या फटींतून जमिनीवर सूर्याच्या शेकडो कोरी उतरल्या होत्या. वर कुणी बघायचं नाही, असं ते पुन्हा पुन्हा बजावत होते. मग त्यांनी आपला तळहात पुढे केला. त्यावरही एक कोर पडली.

"किती उरली?" त्यांनी मला विचारलं.

मी बोटाने त्यांच्या तळव्यावर ती कोर गिरवून दाखवली.

"सरी," ठीक आहे अशा अर्थाने ते कानडीत म्हणाले, आणि मूठ मिटली.