उभं की आडवं?

नेरच्या स्टँडवर एसटीतून उतरले तेव्हा पिशवीत कपडे कमी आणि कागदच जास्त होते. साठचं दशक सरत आलं होतं. मी शहरातल्या एका संस्थेत कॉम्प्युटरवर नवी नवी लागले होते आणि पोळ्याला चार दिवस घरी आले होते…

येताना साहेबांनी सुनावलं होतं, सोमवारपर्यंत चूक सापडली नाही तर टायपिंगला बसा, खेड्यातल्या पोरींना झेपणारं काम नाही हे. डोक्यात तिडीकच गेली होती. छप्पन साली आम्ही धम्म घेतला तेव्हा मी पाचवीत होते, आणि तेव्हापासून बाबांनी मान खाली घालायला शिकवलंच नव्हतं.

काम पावसाचं होतं. ओळीला एक गाव आणि रकान्याला एक महिना असा तक्ता मी फोरट्रान भाषेत भरायचा, आणि हिशेबासाठी साहेबांनी मशीनच्या भाषेत लिहिलेल्या सबरूटीनकडे, म्हणजे एका वेगळ्या छोट्या प्रोग्रामकडे, सोपवायचा. माझा तक्ता बरोबर, त्यांचं सबरूटीन तपासलेलं… आणि उत्तर काय, तर जुलै कोरडा ठाक, जानेवारीत पूर!

दोन दिवस अंगणात कागद पसरून एकेक आकडा पाहिला. चूक सापडेना. आई म्हणाली, बाबांची भाकर तरी वावरात नेऊन दे.

आमच्याकडे कपाशी चौफुलीवर लावायचे, म्हणजे तण काढायचा बैलांचा डवरा उभाही चालतो आणि आडवाही. दर आठ ओळींमागे तुरीची एक ओळ. मी बांधावरून सरळ आडवी घुसले आणि दर थोड्या वेळानं तूर साडीला अडकायला लागली. आधीच वैतागलेली, त्यात हे… बाबांवरच चिडले, एवढी तूर कायले लावली म्हणून.

बाबांनी बैल थांबवले. "आडवी चालशीन तं तूर लागनच. उभी ये, एकबी लागत नाही. वावर तेच हाये."

मी भाकर हातात घेऊन तिथंच उभी राहिले. फोरट्रान माझा तक्ता उभा ठेवत होता, आधी सगळ्या गावांचा जानेवारी, मग सगळ्यांचा फेब्रुवारी. साहेबांचं सबरूटीन तो आडवा वाचत होतं, एका गावाचे बारा महिने सलग. आकडे तेच होते, चालणं वेगळं होतं.

सोमवारी साहेबांच्या टेबलावर चूक लिहिलेला कागद ठेवला. तो वाचून ते म्हणाले, मग तुमचा तक्ता फिरवून पाठवा. मी फिरवला, तेव्हा प्रोग्राम भोकं पाडलेल्या कार्डांवर असायचा, चार कार्डांचं काम होतं, आणि जुलैत पाऊस पडला. पण सबरूटीन कसं वाचतं ते पहिल्या पानावर लिहा, असं मीही सांगितलं. असल्या गोष्टी सगळ्यांना माहीत असतात, म्हणाले.

माहीत असतात? मी त्यांच्या कार्डांच्या खोक्यावर लाल पेन्सिलीनं स्वतःच लिहिलं: 'हे आडवं वाचतं.' ते खोडायची हिंमत त्यांनाही झाली नाही, आणि मी टायपिंगला कधीच बसले नाही.

पुढे भाषा बदलल्या, मशीनं बदलली, बाबाही गेले… पण दुसऱ्याच्या प्रोग्रामकडे काही सोपवताना मी पहिला प्रश्न तोच विचारायचे, उभं की आडवं? कुणी हसलं की सांगायचे, हे मला बाबांनी नेरच्या वावरात शिकवलंय, तेही डवरा थांबवून.